हजेरीपट आणि मतपेटी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, अशीच बहुतेक रीत आहे. आज ती रीत आपण मोडलीत, याबद्दल प्रथम आभार मानतो. आम्ही गिरणीकामगाराच्या पोटी जन्मलो. १९८२ च्या संपानंतर घरच्यांबरोबर लालबाग सोडून भाईंदरला आलो, दहावी होताच स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या मोटरीवर उभे राहिलो, आणि पुढे युनियनचे काम करता करता जे पुस्तक हाती लागले ते वाचत गेलो. तेव्हा आमच्या बोलण्यात पांडित्य शोधू नये. मात्र जो प्रश्न आज मांडणार आहोत तो पुस्तकातून उठलेला नाही. तो आमच्या कचेरीच्या बाकावर उठला.

गेल्या पावसाळ्यात एक तेवीस-चोवीस वर्षांचा कामगार थकलेल्या ओव्हरटाइमचा हिशेब घेऊन आला होता. कागद पाहता पाहता गोष्ट निवडणुकांवर आली. तो म्हणाला, "काका, रागावणार नसाल तर एक विचारतो. मत सगळ्यांना फुकट कशाला द्यायचे? ज्याने देशासाठी काही केले त्यालाच द्यावे. मी एक इंग्रजी सिनेमा पाहिला, त्यात तसेच आहे. फौजेत जाऊन यायचे, मग मत."

आम्ही विचारले, "मग तुझे काय?"

तो ओशाळून हसला. "मी भरतीला गेलो होतो, काका. छातीत कमी भरलो."

म्हणजे त्याच्याच नियमाने त्याचे मत गेले होते, आणि तरीही तो नियम त्याला न्यायाचा वाटत होता! त्या रात्री आम्हांस बराच वेळ झोप आली नाही. मुलगा आळशी नव्हे, उर्मट नव्हे, दिवसाचे बारा तास राबणारा. त्याला असे का वाटावे? आणि त्याला काय उत्तर द्यावे? त्या उत्तराच्या शोधात आम्ही जे धुंडाळले, तेच आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

त्याने पाहिलेला सिनेमा १९९७ चा. तो ज्या कादंबरीवरून निघाला ती अमेरिकन लेखक रॉबर्ट हाइनलाइन याची 'स्टारशिप ट्रूपर्स'. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार तिला मिळाला. लष्करी विज्ञानकथा म्हणून जो प्रकार आज इंग्रजीत फोफावला आहे, त्याचे हे एक मूळपीठ समजले जाते. हाइनलाइन स्वतः आरमारी अधिकारी होता. क्षय झाल्यामुळे १९३४ साली त्याला नोकरी सोडावी लागली. त्याच्या कादंबरीतील पृथ्वीवर बोलण्याचे, हिंडण्याचे, धंदा करण्याचे स्वातंत्र्य सर्वांना आहे. परंतु मत फक्त त्याला, ज्याने आपखुशीने सरकारी सेवा पत्करून ती पुरी केली. सेवेत असताना मत नाही, ती संपवून बाहेर पडल्यावर. सेवेसाठी येणाऱ्या कोणालाही नाकारता येत नाही, अशीही तजवीज लेखकाने केली आहे. नायक जॉनी रिको याचा बाप गडगंज कारखानदार. पण त्याने सेवा केलेली नाही, म्हणून त्याला मत नाही.

कामगाराच्या मनाला ही कल्पना का भुरळ घालते, हे येथेच ध्यानात येईल. पैसेवाल्याला मत नाही आणि शिपायाला आहे! जन्म, जात, पैसा यांतले काहीच चालत नाही. अंगमेहनत आणि जिवाची जोखीम तेवढी चालते. ज्याने समाजाचे हित आपल्या जिवापुढे ठेवून दाखविले, त्याच्या हाती समाजाचा कारभार द्यावा, हा युक्तिवाद वरवर पाहता कोणाही सज्जनाला पटावा असाच आहे. आपल्या शहरातही याची भावंडे रोज भेटतात. लोकलच्या डब्यात कोणी म्हणतो, कर भरणाऱ्यालाच मत असावे; कोणी म्हणतो, शिकलेल्यालाच असावे. प्रत्येकजण कसोटी सुचवितो. त्या कसोटीला आपण स्वतः उतरू याची बहुधा प्रत्येकाला खात्री असते. आमचा तो तरुणच काय तो अपवाद.

परंतु मंडळी, ज्याला आपण भविष्यातली कल्पना समजतो ती आपल्या मुलुखात कायदा म्हणून होऊन गेली आहे. मत कमवावे लागण्याची पद्धत आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगली आहे, आणि तिच्यात शिपाईगिरीचे कलमही होते.

१९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी प्रांतिक कायदेमंडळांसाठी जो मताधिकार दिला, तो ऐपतीवर होता. मुंबई इलाख्यात खेड्यातल्या माणसाला मत हवे तर त्याच्या जमिनीचा सारा बहुतेक जिल्ह्यांत निदान ३२ रुपये असावा लागे. रत्नागिरीसारख्या गरीब जिल्ह्यात १६. शहरात ठराविक भाड्याचे घर हवे, किंवा प्राप्तिकर भरलेला हवा. आणि या सर्वांच्या जोडीला एक वेगळे कलम होते: लष्करातून निवृत्त होऊन पेन्शनवर आलेल्याला, जमीन वा घर नसले तरी, मत मिळे. १९३५ च्या कायद्यात हे कलम अधिक रुंद झाले. निवृत्त, पेन्शनर वा सेवामुक्त झालेला अधिकारी असो की साधा शिपाई, त्याला मत. एवढेच नव्हे, तर शिपायाची पेन्शन खाणारी विधवा किंवा आई हिलाही मत.

या साऱ्याचा हिशेब काय झाला? १९२० च्या निवडणुकीत प्रांतिक मंडळांचे मतदार सारे मिळून सुमारे ५३ लाख होते. ब्रिटिश हिंदुस्थानची वस्ती तेव्हा चोवीस कोटींच्या आसपास. १९३५ च्या कायद्याने आकडा सुमारे तीन कोटींवर गेला. चाळीच्या खोलीत राहून गिरणीत राबणारा, आगरात मीठ ओढणारा, होडीवर जाळे टाकणारा, शेतमजूर आणि त्यांच्या घरच्या बहुतेक सगळ्या बायका या गणतीबाहेर राहिल्या. १९२१ साली मुंबई कायदेमंडळाने स्त्रियांवरची बंदी उठविली, पण ऐपतीची अट कायम ठेवली. मग स्वतःच्या नावे सारा भरणाऱ्या बाया कितीशा असणार?

आता शिपाईगिरीच्या कलमाकडे वळू. मत जर तलवारीने कमवायचे, तर महाराष्ट्रात ते कमवायला एका समाजाची पात्रता निर्विवाद होती. तो म्हणजे महार समाज. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार पहिल्यापासून होते. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगावला जी लढाई झाली, तिच्या स्तंभावर पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत. 'नाक' हा शेवट असलेली कितीतरी नावे तेथे आजही वाचता येतात. या फौजेत महार शिपाई सुभेदारीपर्यंत चढत. पलटणीत मुलांसाठी शाळा असे. गावच्या शाळेत ज्याला उंबऱ्याबाहेर बसवीत, त्याचा मुलगा छावणीत धुळाक्षरे गिरवू शके. कोकणात दापोलीला अशा पेन्शनरांची वस्तीच होती. रामजी सकपाळ हे याच परंपरेतले सुभेदार. लष्करी शाळेचे ते मुख्याध्यापक होते. त्यांचे धाकटे चिरंजीव भीमराव १८९१ साली महूच्या छावणीत जन्मले.

आणि नेमक्या त्याच सुमारास दार बंद झाले. हिंदुस्थानातल्या काही जाती जन्मजात लढवय्या आणि बाकीच्या नालायक, असा सिद्धांत लष्करशहांनी काढला. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स त्याचे मोठे पुरस्कर्ते. या धोरणात १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबविण्यात आली. पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या गेलेल्या माणसांना सांगण्यात आले की, तुम्ही शिपाई होण्यास लायक नाही!

मग अर्ज सुरू झाले. गोपाळबुवा वलंगकर हे महाडजवळच्या रावढूळचे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसक' हे पुस्तक प्रसिद्ध केले होते. १८९४ साली त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांसाठी अर्ज तयार केला, की आमच्या लोकांना पुन्हा भरतीत घ्यावे. पुढे पुण्यात शिवराम जानबा कांबळे उभे राहिले. त्यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढले आणि १९१० मध्ये थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे विनंतीअर्ज गेला: फौजेत घ्या, पोलिसांत घ्या. या अर्जांत आपल्या पूर्वजांच्या चाकरीचे दाखले दिलेले आहेत. जे कमविले होते त्याची पावती दाखवून दाखवून ही माणसे थकली. पावती खरी होती. पण ती वटविणारा गुमास्ता खिडकी लावून बसला होता.

खिडकी उघडली ती महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली, आणि १९२१ पर्यंत ती पलटण मोडण्यात आली. कालक्रम ध्यानात घ्यावा. १९१९ च्या सुधारणा म्हणतात, 'निवृत्त शिपायास मत'. आणि ज्यांना शिपाई होऊ देण्याचे बंद करून पंचवीसेक वर्षे लोटली होती, त्यांच्यात पेन्शनर शिपाई येणार कोठून? जुने म्हातारे एकेक करून चालले होते. कायद्यात महारांविरुद्ध एक अक्षर नव्हते. नियम सर्वांना सारखाच होता. फक्त तो पाळण्याची संधी कोणाला द्यायची, हे आधीच दुसऱ्या एका कचेरीत ठरून गेले होते.

हे वाचताना आम्ही पुस्तक खाली ठेवले, कारण ही गोष्ट आमच्या ओळखीची होती. आमच्या उमेदीच्या काळात कारखान्याच्या स्थायी आदेशांत असे असे की, सलग २४० दिवस काम भरले की बदली वा तात्पुरत्या कामगाराला कायम होण्याचा हक्क लाभावा. नियम किती सुंदर! काम करा आणि हक्क कमवा. पण हजेरीपट कोणाच्या कपाटात? २२० दिवस झाले, २३० झाले, की सुपरवायझर सांगे, "उद्यापासून पंधरा दिवस येऊ नकोस." ब्रेक पडला की मोजणी पुन्हा एकपासून. आम्ही अशी माणसे पाहिली आहेत की, ज्यांनी एकाच मोटरीवर अकरा वर्षे भांडी घासली आणि कागदोपत्री त्यांची एका वर्षाचीही सलग नोकरी झाली नाही. आळशी म्हणून ती कायम झाली नाहीत असे नाही. ज्याला त्यांचे कायम होणे नको होते, त्याच्याच हाती दिवस मोजण्याचे काम होते.

हाइनलाइनच्या कादंबरीतली सर्वांत कच्ची वीट येथे आहे, असे आम्हांस वाटते. येईल त्याला सेवेत घेतलेच पाहिजे, असा नियम त्याने घातला. तो नियम पाळला जातो असेही त्याने गृहीत धरले. कादंबरीत तसे धरता येते. इतिहासात मात्र ज्यांच्या हाती मत असते तेच भरतीची छाती किती इंच असावी हे ठरवितात, आणि ज्यांना मत नसते त्यांना त्याविरुद्ध अर्ज करण्यापलीकडे काही करता येत नाही. वलंगकर आणि कांबळे यांच्यापाशी अर्ज होता, मत नव्हते.

ही केवळ आमच्या मुलखाची कर्मकथा असती, तर कोणी म्हटले असते, परकी सत्ता होती, जातिभेद होता. म्हणून बाहेरची दोन उदाहरणे देतो. १९१८ साली ब्रिटनने मताधिकार वाढविला तेव्हा युद्धाचा हिशेब मांडूनच वाढविला. पुरुषाला मताचे वय २१, पण युद्धावर असलेल्या शिपायाला १९. आणि सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून ज्यांनी लढण्यास नकार दिला, त्यांचे मत पाच वर्षे काढून घेतले. स्त्रियांनाही मत मिळाले, पण तिशी ओलांडलेल्या आणि ऐपतीची अट पुरी करणाऱ्या. दारूगोळ्याच्या कारखान्यांत विषारी द्रव्यांनी ज्यांची कातडी पिवळी पडली, त्या पोरी बहुतेक विशीतल्या! ज्यांनी कमविले असे म्हणून डंका पिटला, त्याच रांगेबाहेर राहिल्या.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले, हाइनलाइनच्या स्वतःच्या देशातले. मेडगर एव्हर्स हा मिसिसिपी राज्यातला काळा तरुण दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढून आला. १९४६ च्या उन्हाळ्यात तो, त्याचा भाऊ आणि आणखी काही परत आलेले शिपाई आपल्या डीकेटर गावी मत द्यायला गेले. हत्यारबंद गोऱ्यांच्या जमावाने त्यांना परत पाठविले. पुढे एव्हर्सने मताच्या हक्कासाठी चळवळ चालविली आणि १९६३ साली त्याच्या घराच्या दारात त्याचा खून झाला. शिपाईगिरी करून आलेल्याला मत, या न्यायाने पाहिले तर त्याने अधिक काय करायचे राहिले होते?

आणखी एक गोष्ट आपल्या मुंबईतली. कादंबरीत सेवेत असलेल्या शिपायाला मत नाही. का, तर हुकूम मानणारा आणि हुकूम ठरविणारा एक असू नये. पण सेवेत असलेल्यालाच आवाजाची निकड सर्वांत अधिक असते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या 'तलवार' या आरमारी तळावर खलाशांनी संप केला. मूळ गाऱ्हाणी काय? जेवण खाण्याजोगे नाही, आणि गोरे अधिकारी शिव्या देतात. चार दिवसांनी, २२ तारखेला, त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरण्या बंद पडल्या, लालबाग-परळचे कामगार रस्त्यावर आले, आणि त्या दंगलीत व गोळीबारात दोनशेंहून अधिक माणसे मेली. शिस्तीत वाढलेले तरुण डाळीभातासाठी बंडापर्यंत का गेले? विचारण्याची दुसरी कोणतीही सनदशीर वाट त्यांना ठेवलेली नव्हती.

आता पुन्हा सुभेदार रामजींच्या मुलाकडे येऊ. मत शिपाईगिरीने मिळावे, असे मागण्यास डॉ. आंबेडकरांइतके सबळ कारण क्वचितच कोणापाशी होते. सैनिकांच्या घरात वाढलेले, पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान बाळगणारे. दरवर्षी कोरेगावला जाण्याची जी रीत पडली तीही १९२७ साली ते तेथे गेले तेव्हापासूनच. आमच्या लोकांनी रक्त सांडले आहे, म्हणून आम्हांस मत द्या, असे ते म्हणू शकले असते. २७ जानेवारी १९१९ रोजी मुंबईत साउथबरो समितीपुढे त्यांची साक्ष झाली तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक. तेथे त्यांनी अस्पृश्यांसाठी मताची पात्रता खाली आणण्याचा आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनीच निवडण्याचा आग्रह धरला. पुढे सायमन कमिशनच्या वेळी, १९२८-२९ मध्ये, ते आणखी पुढे गेले आणि सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मताची मागणी केली. मुंबई प्रांतिक समितीतल्या सहकाऱ्यांशी न पटल्यामुळे मे १९२९ मध्ये त्यांनी आपला वेगळा अहवाल लिहिला. त्यातील विचाराचा मथितार्थ असा, की समाजाच्या एकत्र जगण्याचे बरेवाईट परिणाम ज्याला भोगावे लागतात, त्या प्रत्येकाला त्या जगण्याच्या अटी ठरविण्याचा हक्क आहे. आणि जो जितका गरीब आणि दुबळा, त्याला या हक्काची गरज तितकी अधिक.

येथे एक बारकावा आहे, आणि आम्हांस तो फार मोलाचा वाटतो. आंबेडकरांनी लष्कराचे दार ठोठावणे सोडले नाही. १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षण मंडळावर ते गेले, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. शिपाईगिरीत पोट आहे, इज्जत आहे, शिक्षण आहे, ती हवीच. परंतु शिपाईगिरी ही मताची किंमत आहे, असे त्यांनी मांडले नाही. दोन्ही मागण्या त्यांनी दोन हातांत वेगवेगळ्या धरल्या. ज्याच्या घराण्याने किंमत पुरती मोजली होती, त्यानेच किंमतीची पाटी काढून टाकण्याची मागणी करावी, यात केवळ उदारपणा नव्हता, अनुभव होता. पावती घेऊन खिडकीपुढे उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांच्या घराने पाहिले होते.

राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने ती पाटी निघाली. जमीन, घर, शिक्षण, कर, शिपाईगिरी यांतले काहीच विचारायचे नाही. नागरिक आणि २१ वर्षे पुरी, बस. १९८९ पासून ते वय १८ झाले. १९५१ च्या ऑक्टोबरपासून १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत पहिली निवडणूक चालली. मतदार १७ कोटींहून अधिक. १९५१ च्या शिरगणतीप्रमाणे शंभरांत अवघ्या अठरांना लिहितावाचता येत होते. कित्येक स्त्रियांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' यापलीकडे आपले नाव सांगितले नाही; अशा सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी यादीतून वगळली. कठोर वाटते; पण पुढच्या खेपेस बाई आपल्या स्वतःच्या नावाने यादीत आली, हेही त्यातूनच घडले. आणि त्याच पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून खुद्द आंबेडकर पडले! सर्वांना मत मिळवून देणाऱ्याला सर्वांच्या मताने हरविले. त्यानंतरही त्यांनी, मत निवडक लायकांनाच असावे, असे म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही पुढारी लोक, तुम्हांस सर्वांना मत हे गोडच लागणार. म्हणून आमची स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या युनियनने सत्तावीस दिवसांचा संप केला. समेटाच्या अटी ठरवायच्या तेव्हा आम्हीच ठराव मांडला की, जे संपात शेवटपर्यंत टिकले त्यांनीच अटींवर मत द्यावे. मधेच कामावर परतलेल्यांनी गप्प बसावे. टाळ्यांच्या कडकडाटात ठराव पास झाला. मत कमवावे लागते, हाच तो न्याय. परतलेल्यांत फितूर होते, तशाच पॅकिंग खात्यातल्या सोळा बायाही होत्या. कोणाचे मूल अंगावर पिते, कोणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला. त्यांना सत्तावीस दिवस झेपले नाहीत. करार झाला. पगारवाढ झाली, जादा कामाचा दर ठरला. सही होऊन महिना झाल्यावर त्यांतली एक बाई कचेरीत आली आणि म्हणाली, "दादा, सगळं केलंत. पण बायकांच्या संडासाला दार नाही, ते तेवढं राहिलं."

ते आमच्या मागण्यांच्या यादीतच नव्हते. ज्यांनी मते दिली त्यांतल्या एकालाही त्या दाराची गरज नव्हती. आम्ही वाईट माणसे नव्हतो. त्या खोलीत फक्त ती माणसे नव्हती. पुढला करार तीन वर्षांनी व्हायचा होता. ते दार आम्ही पुढे भांडून बसवून घेतले. पण मत बक्षीस म्हणून वाटले की काय हरवते, हे त्या दिवशी आम्हांस कळले. ज्याने त्याग केला त्याचा मान जरूर करावा, त्याला हार घालावा, पेन्शन द्यावी, त्याच्या विधवेची काळजी घ्यावी. पण कोठे दुखते हे त्याला दुसऱ्याच्या वतीने सांगता येत नाही.

लोक पैसे घेऊन मते देतात, जात पाहून देतात, हे आम्हांसही दिसते; वस्तीत राहून ते न दिसेल असा कोण आहे? पण गाळ्यात नवा पोरगा पहिल्या आठवड्यात दहा भांडी चेपवितो, म्हणून त्याला मोटरीपासून दूर ठेवले तर तो कारागीर कधीच होत नाही. मत हेही हातात घेऊनच शिकायचे काम आहे. आणि सेवेचीच गोष्ट काढायची, तर आपल्या शहराची सेवा कोणी केली नाही? ज्यांनी मिठागरात पायांना भेगा पाडून घेतल्या, उत्तनच्या ज्या कोळ्यांनी वादळात होड्या लोटल्या, जी बाई पहाटे गल्ली झाडते, जी लोकलमध्ये लोंबकळत जाऊन चार घरची भांडी घासते, त्यांची सेवा कोणत्या हजेरीपटावर लिहायची? लिहिणारा कोण?

आपल्या मिरा-भाईंदर महापालिकेची निवडणूक २०१७ च्या ऑगस्टात झाली, आणि त्यानंतरची २०२६ च्या जानेवारीत. मध्ये तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवक नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात नळाला पाणी येत नाही, गटार तुंबले, हे सांगायला कोणाकडे जावे, असे विचारीत आपल्यापैकी कितीजण हिंडले असतील! त्यांत डॉक्टर होते, प्राप्तिकर भरणारे होते, निवृत्त जवानही होते. मत नसणे म्हणजे काय, याची चव आपण सर्वांनी तेवढ्यापुरती घेतली. ज्यांना ती जन्मभर घ्यावी लागली त्यांच्याविषयी बोलताना ती आठवावी, एवढीच विनंती.

त्या तरुणाला आम्ही हे सारे एका बैठकीत सांगितले नाही. थोडे थोडे, हिशेबाच्या कागदांबरोबर सांगत गेलो. त्याचा ओव्हरटाइम दिवाळीच्या आत मिळाला. जानेवारीच्या मतदानानंतर तो पेढे घेऊन कचेरीत आला. बहिणीचे लग्न ठरले होते. आम्ही सहज विचारले, "मत दिलेस का?"

"दिले, काका. रांगेत माझ्या पुढे आमचे शेठ उभे होते. पाऊण तास."

"मग?"

"काही नाही. त्यांनाही ओळखपत्र विचारले, मलाही विचारले. छाती कोणी मोजली नाही."